समोरची काच मी बसवली

गाडीची समोरची काच घरच्या घरी बसवता येते. मी बसवली आहे, आणि एकाच दिवसात दोनदा बसवली आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या चिखलीत अजून कुणाला ते खरं वाटत नाही. मागे पेट्रोल पंपावर एकानं विचारलं, "म्याडम, काच कोणी बसवली?" मी म्हटलं, "मी." तो हसला आणि म्हणाला, "तसं नाही, फिटर कोण होता?" अशा वेळी माझं डोकं फिरतं. तसं ते लहानपणापासून लवकरच फिरतं.

घरात आम्ही दोघंच होतो, मी आणि बाबा. लग्न मोडून मी माहेरी आले त्याला बारा वर्षं झाली. आई त्यानंतर दोन वर्षांनी गेली. मी शाळेत विज्ञान शिकवते. बाबा वीज खात्यात लाइनमन होते, आयुष्यभर खांबावर चढले, आणि निवृत्त झाल्यावर त्यांच्या दोन्ही किडन्यांनी राजीनामा दिला. दर सोमवारी आणि गुरुवारी मी त्यांना गाडीत घालून बुलढाण्याला डायलिसिसला नेत होते. सुट्टी असो, शाळा असो, बुलढाणा गाठायचं, चार तास बाहेरच्या बाकावर बसायचं आणि परत घरी. परत येताना बाबा पिळून काढल्यासारखे झालेले असायचे. बसमध्ये उभं राहणं सोडा, त्यांना धड बसताही यायचं नाही. म्हणून गाडी लागायची. ही गाडी म्हणजे आमची चैन नव्हती, हे मी किती जणांना समजावून सांगितलं असेल!

गेल्या मे महिन्यातल्या एका गुरुवारी परत येत होतो. पुढे गिट्टीनं भरलेला डंपर, वर ताडपत्री नाही, काही नाही. एक खडा उडाला आणि काचेवर ठक्कन बसला. आधी नखाएवढी चांदणी पडली. मग माझ्या डोळ्यांसमोर तिच्यातून एक रेघ निघाली आणि चिखली येईपर्यंत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. मी हॉर्न दाबून त्या डंपरच्या मागे लागले. तो थांबला नाही. मी खिडकीतून जे काही ओरडले ते इथं लिहिता येणार नाही. बाबा शेजारी डोळे मिटून बसले होते. म्हणाले, "जाऊ दे बाई."

"काय जाऊ दे? सगळंच जाऊ द्यायचं का?"

त्यांनी डोळे उघडले नाहीत. बाबांचं हे नेहमीचं. मी बोलत राहायचं आणि त्यांनी गप्प बसायचं. माणूस उलटून बोलला तर भांडण तरी होतं. गप्प बसणाऱ्या माणसाशी भांडता भांडता आपणच वेडे ठरतो.

त्याच संध्याकाळी पुण्याहून धाकट्या भावाचा फोन आला. "ताई, मी रविवारी येतोय. बाबांना इकडे घेऊन येतो. इथं सेंटर घरापासून दहा मिनिटांवर आहे. तुझ्या एकटीच्यानं आता होत नाहीये, ॲक्सेप्ट कर." चौदा वर्षांपूर्वी 'मले' आणि 'तुले' म्हणत गेलेला पोरगा आता 'होत नाहीये' म्हणतो. त्यानं बाबांच्या 'क्वालिटी ऑफ लाइफ'बद्दलही मला समजावलं. बाबांची सुई कुठल्या हातात टोचतात, हे त्याला माहीत नव्हतं. मग म्हणाला, "आणि आता गाडीची काचही फुटलीय."

मी विचारलं, "तुले कोणी सांगितलं?"

"कुणीतरी सांगितलं गं, सोड ना."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गल्लीतल्या कुणीतरी कळ लावली, असं मी धरून चालले. फोन ठेवला आणि ठरवलं की रविवारी हा दारात येईल तेव्हा गाडीला नवी काच बसलेली असेल, आणि सोमवारी मी बाबांना घेऊन बुलढाण्याला जाईन. त्याला बोलायला जागाच ठेवायची नाही. बाबा माझ्याजवळ राहतात की पुण्याला जातात, हे त्या काचेवर ठरणार होतं. बाबांना जायचं नाही, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. मी त्यांना विचारलं मात्र नव्हतं.

शुक्रवारी सकाळी काचेच्या दुकानात गेले. दुकानदार स्टुलावर बसून चहा पीत होता.

"काच हाय," तो म्हणाला, "पण फिटर नाही. साळीचं लग्न हाय त्याच्या, वडनेर भोलजीले गेला. बुधवारी येईन."

"मले सोमवारी गाडी पाह्यजे."

"तं मंग असं करा, साहेबांले पाठवा. मी बोलतो त्यायच्याशी."

"कोणते साहेब?"

"तुमच्या घरचे."

"घरचा साहेब मीच हाय. काच द्या, मी बसवते."

त्यानं कप खाली ठेवला आणि मागे कुणाला तरी हाक मारून सांगितलं, "अबे आयक, म्याडम काच बसवून राह्यल्या!" आत दोघं हसले. तो पुढे म्हणाला, "फुटली तं माह्यावर येऊ नका." मी त्याच्याकडून काच घेतली, काळ्या पेस्टच्या दोन नळ्या घेतल्या, ती दाबायची बंदूक घेतली, आणि छोट्या टेम्पोत गादी टाकून काच मांडीशी धरून घरी आले. रात्री व्हिडिओ पाहिले. एक पंजाबी बाप्या होता, एक केरळचा होता. दोघंही माझ्यापेक्षा काही फार हुशार वाटले नाहीत.

शनिवारी उजाडताच कामाला लागलो. उन्हं चढायच्या आत जुनी काच निघायला हवी होती. मदतीला शेजारच्या मावशी आल्या. त्यांच्या घरची शेती आहे आणि कापसाच्या पऱ्हाट्या उपटून उपटून त्यांच्या मनगटात जो जोर आलाय तो त्या फिटरच्या बापाला नसेल. बाबांना मी लिंबाखाली खुर्चीवर बसवलं. त्यांच्या डाव्या हातात डायलिसिसच्या सुईसाठी ऑपरेशन करून शीर जोडलेली आहे. त्या हातानं ओझं उचलायचं नाही, काही ओढायचं नाही. ते खुर्चीतून नुसते उठले तरी मी ओरडायची, "बाबा, हात! हात सांभाळा!" ते परत बसायचे.

वायपर काढले, त्यांच्याखालचं प्लास्टिक काढलं, आतला आरसा काढला, कडेची पट्टी ओढून काढली. काच ज्या पेस्टनं चिकटलेली असते ती टायरच्या रबरासारखी घट्ट होते. ती तारेनं कापावी लागते. बाबांनी आपल्या जुन्या हत्यारांच्या पिशवीतून बारीक पोलादी तार शोधून दिली. मी तिच्या दोन्ही टोकांना लाकडाचे तुकडे बांधले आणि एका कोपऱ्यातून ती आरपार घातली. मावशी गाडीत, मी बोनेटवर. एकदा त्यांनी ओढायचं, एकदा मी. करवत चालवल्यासारखं. अर्ध्यातच मावशींची लय चुकली आणि तार अडकली. मी कडाडले.

मावशी आतून म्हणाल्या, "काऊन एवढी वरडतं व? माणसं हाओत आमी, ढोरं नाही."

मी माफी मागितली नाही. म्हटलं, "मावशी, ओढा."

साडेआठच्या सुमारास जुनी काच निघाली. चौकटीवरची जुनी पेस्ट चाकूनं तासायची, पण पुरती नाही. पातळ थर ठेवायचा, म्हणजे नवी त्याला धरते. जिथं पत्रा उघडा पडला तिथं काळा प्रायमर लावला. नळीची तोटी बाबांनी खिशातल्या चाकूनं कापून दिली, तिरपी आणि पुढे खाच ठेवून. "म्हंजे पेस्ट उभी राह्यते," एवढंच म्हणाले. सकाळपासून बोललेलं त्यांचं ते पहिलं वाक्य. मी म्हटलं, "मले माहीत हाय." मला माहीत नव्हतं.

चौकटभर पेस्टची एकसारखी वळी फिरवली. मावशी एका बाजूनं, मी दुसऱ्या बाजूनं, एक हात आत आणि एक बाहेर, अशी काच उचलली आणि खालच्या कडेवर टेकवून हळूच वर बसवली. तळहातानं दाबली. ती बसली! चारी बाजूंनी सारखी. वर टेप लावून ताणून धरली. अकरा वाजले होते. मला त्या दुकानदाराला कॉलर धरून आणावंसं वाटलं.

मग मी अंगणात उभी राहून, वर्गात उभी राहते तशी, दोघांना नियम सांगितले. गाडीला आज हात लावायचा नाही. पेस्ट हवेतल्या ओलाव्यानं सुकते आणि आपल्याकडे मे महिन्यात हवेत ओलावा नावालाही नसतो, म्हणून रात्र जाऊ द्यायची. दारं आपटायची नाहीत. एक खिडकी उघडी ठेवायची, कारण सगळ्या खिडक्या बंद असताना दार आपटलं की आतली हवा दाबली जाते आणि ओली काच बाहेर ढकलते. हे मी बाबांकडे बघून दोनदा सांगितलं. आमच्याकडे गाडीचं दार हळू लावणारा माणूस विरळा. काळ्या-पिवळ्या प्रवासी जीपनं सगळ्यांना तशी सवय लावून ठेवलीय. त्या जीपची दारं एका आपटण्यात लागत नाहीत आणि वरून ड्रायव्हर ओरडतो, "जोरात लावा, जोरात!" बाबांची सगळी नोकरी खात्याच्या जीपमध्ये गेली. दर सोमवारी आणि दर गुरुवारी ते माझ्या गाडीचं दार धाडकन लावायचे आणि दर सोमवारी आणि दर गुरुवारी मी ओरडायची.

तीनच्या सुमारास वावटळ उठली. गल्लीच्या तोंडाशी धुळीचा खांब उभा राहिला आणि पालापाचोळा, कॅरीबॅगा घेऊन अंगणाकडे आला. मी धावले. ओल्या पेस्टला धूळ चिकटली तर सगळी मेहनत पाण्यात, एवढंच डोक्यात होतं. किल्ली फिरवली आणि चारही खिडक्या वर केल्या. वावटळ गेली की खाली करायच्या, असं मनाशी म्हटलं. तेवढ्यात घरात फोन वाजला. भाऊ होता. उद्या किती वाजता निघतो, बाबांचे रिपोर्ट कुठल्या फाइलीत ठेवलेत, असं विचारत होता. जसं काही ठरलंच आहे! मी त्याला अर्धा तास झाडलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई, तू एकदा बाबांशी बोल ना."

"मी रोज बोलते त्यांच्याशी," मी म्हटलं आणि फोन आपटला.

आता पाण्याचं सांगायला हवं. डायलिसिसच्या माणसाला पाणी मोजून प्यावं लागतं. बाबांना दिवसाला पाऊण लिटर, त्यात चहा आणि वरणही आलं. जास्त झालं की ते फुप्फुसात भरतं. एकदा भरलं होतं, आणि त्या पहाटे त्यांना श्वास घेता येत नव्हता ते मी पाहिलंय. तेव्हापासून एका बाटलीवर मी मार्करनं रेघा मारून ठेवल्या होत्या. सकाळ, दुपार, संध्याकाळ. चिखलीचा मे महिना, भिंतीलासुद्धा तहान लागते, आणि माणसाला पाऊण लिटर. ते माठाशी सापडायचे. बर्फाचा खडा तोंडात धरून बसलेले सापडायचे. मी तोंड उघडायला लावायची. ओरडायची. माझं चुकत होतं असं मला आजही वाटत नाही. एक रेघ चुकली तर जीव जातो, आणि तो जीव माझ्या बापाचा होता.

फोन आपटून मी तणतणत अंगणात आले. चपला फटाफट वाजत होत्या, मला स्वतःलाही ऐकू येत होत्या. गाडीचं मागचं दार उघडं होतं आणि आत कुणीतरी बसलेलं दिसलं. मला काही कळायच्या आत ते दार आतून धाडकन लागलं.

काचेचा आवाज झाला नाही. नुसता चिकट 'चर्र' असा आवाज आला, टेप सुटली, आणि उजवीकडचा वरचा कोपरा दोन बोटं वर उचलला गेला. पेस्टच्या काळ्या तारा लोंबायला लागल्या.

मी दार ओढून उघडलं. आत बाबा. हातात स्टीलचा तांब्या, सदरा छातीवर भिजलेला, सीटवर पाणी.

"हजार वेळा सांगितलं तुमाले! हजार वेळा!" मी ओरडले. "दार आपटू नका म्हणून! कोणासाठी करून राह्यले मी हे? तुमाले पुण्याले जा लागू नये म्हणून ना? आन तुमीच तोडा! आन हे काय? पाणी? किती पेले? खरं सांगा, किती पेले?"

गल्ली ऐकत होती. मावशी कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या.

बाबा तांब्याकडे बघत होते. म्हणाले, "अर्धा पेलो. अर्धा सांडला."

मग ते सावकाश गाडीतून उतरले. तांब्या उजव्या हातात होता, डावा पोटाशी धरलेला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मीच फोन केला होता त्याले. गुरुवारी. तू गाडी लावत होती तवा."

मला आधी समजलंच नाही. "कोणाले?"

"भावाले तुह्या. मले घेऊन जा म्हनलं."

"काऊन?"

ते बोलतील असं मला वाटलं नव्हतं. आयुष्यात ते कधी बोललेच नव्हते. पण त्या दिवशी बोलले, आणि आवाज न चढवता बोलले.

"सुईचं मले काही वाटत नाही बाई. टोचते, दोन मिनिटं दुखते, मंग थांबते. पण तुह्या चपला वाजल्या का मले धडकी भरते. तू करतं लय. कोणी करणार नाही एवढं करतं. पण या वयात मी गाडीत लपून पाणी पेतो. पोटच्या पोरीले भेऊन."

यावर मी काय म्हणाले? मी म्हटलं, "मंग जा."

ते घरात गेले. मी तिथंच उभी राहिले. मला त्यांचा राग आला होता. एवढी वर्षं मी शाळा, घर, दवाखाना ओढला, आणि या माणसानं माझ्या पाठीमागे फोन करावा? मला भावाचाही राग आला, सगळं माहीत असून त्यानं ते मला सांगितलं नाही म्हणून. मग माझी नजर खिडक्यांवर गेली. चारही बंद. एक जरी उघडी असती तरी त्या आपटण्यानं काचेला काही झालं नसतं. त्या मी बंद केल्या होत्या, आणि उघडायच्या विसरले होते. हे मी मावशींना सांगितलं नाही, बाबांना सांगितलं नाही, भावालाही सांगितलं नाही. बाबा आजही समजतात की काच त्यांच्यामुळे उचकटली.

मावशी पदर खोचून आल्या आणि म्हणाल्या, "चाल, धर." आम्ही काच पुन्हा काढली, ओली पेस्ट खरवडली, दुसरी नळी उघडली. तोटी या वेळी मी कापली, बाबांनी कापली होती तशीच. दिवस मावळायच्या आत काच दुसऱ्यांदा बसली. रात्रभर चारही दारं उघडी ठेवली.

रविवारी भाऊ आला. गाडीभोवती एक चक्कर मारली, काचेच्या कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "भारी बसलीय. तू बसवलीस ना?" आजपर्यंत न हसता विश्वास ठेवलेला तो एकटाच. त्याच्यासाठी मी तीन दिवस बोलणी तयार ठेवली होती, त्यातलं एकही तोंडून निघालं नाही. बाबा विहारातून वंदना करून आले. त्यांची बॅग भरलेली होती. ती त्यांनी कधी भरली ते मला कळलं नव्हतं. मी भावाला फाइल दिली, गोळ्या समजावल्या, डावा हात समजावला. रेघा मारलेली बाटली द्यायला हातात घेतली आणि पुन्हा ओट्यावर ठेवून दिली.

त्या सोमवारी मी कुठंही गेले नाही. गाडी अंगणात उभी होती आणि काच इतकी स्वच्छ होती की तिथं काच आहे असं वाटत नव्हतं.

पावसाळ्यात ती काच एक थेंबही गळली नाही. माझा रागही कमी झालेला नाही, उगाच खोटं कशाला सांगू? फक्त आता घरात तो ऐकणारं कुणी नाही. दर सोमवारी संध्याकाळी बाबांना फोन करते. पाण्याचं विचारायचं नाही, हे मी ठरवून टाकलंय, आणि विचारत नाही. जेवण, नातू, तिकडचं सेंटर, इकडच्या मावशी, असं बोलतो. आवाज जपून ठेवते. मागच्या सोमवारीही असंच बोलणं झालं, चांगलं दहा मिनिटं. ते दोनदा हसलेसुद्धा. मी "ठेवते बाबा" म्हटलं, आणि ते घाईघाईनं म्हणाले, "बाई, आज अर्धाच लिटर पेलो. खरं सांगतो."

मी विचारलं नव्हतं.